‘सदर विषय बंद करण्यात येत आहे’: स्वातंत्र्याच्या व्याख्येबद्दल समितीला खुले पत्र

नागरिकशास्त्र विषय समितीच्या सन्माननीय सदस्यांना,

सादर नमस्कार.

मी गेली २२ वर्षे इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवतो आहे. त्यांतली १४ वर्षे परीक्षेच्या उत्तरपत्रिकाही तपासतो आहे. आपल्यापैकी कुणाशी माझे वैर नाही. दोघातिघांची व्याख्याने तर मी वही घेऊन ऐकली आहेत. हेच म्हणणे मी आधी आपल्याला बंद पाकिटातून कळवले होते. उत्तर आले, दोन ओळींचे. ‘पाठ्यपुस्तकातील व्याख्या अंतिम समजण्यात यावी. सदर विषय बंद करण्यात येत आहे.’ हा विषय असा बंद होण्यातला नाही, म्हणून आता पत्रच उघडे करतो आहे.

झाले ते असे. गेल्या परीक्षेत एका गुणाचा प्रश्न होता: ‘स्वातंत्र्य म्हणजे काय ते एका वाक्यात लिहा.’ उत्तरसूचीत उत्तर होते: ‘परकीय सत्तेच्या अंमलातून देशाची झालेली मुक्तता म्हणजे स्वातंत्र्य.’ त्याखाली ठळक अक्षरांत सूचना होती, याव्यतिरिक्त अन्य उत्तरास गुण देऊ नयेत. पहिला गठ्ठा सरळ गेला. मुलांनी वाक्य पाठ केलेले होते. काहींनी ‘मुक्तता’चे ‘मुक्ताता’ केले होते, त्यांनाही मी गुण दिला. मग एक उत्तरपत्रिका हाती आली. तिच्यात लिहिले होते: ‘मी नाही म्हणू शकले आणि त्यानंतरही माझे सगळे पूर्वीसारखे राहिले, तर ते स्वातंत्र्य.’

नाव नाही, शाळा नाही, वर फक्त बारकोड. लिहिणारी मुलगी आहे एवढे त्या ‘शकले’ने सांगितले. मी पेन खाली ठेवला, बाहेर जाऊन पाणी पिऊन आलो, आणि परत येऊन समासात शून्य घातले. राहवेना म्हणून नियामकांकडे, म्हणजे आमची तपासणी पुन्हा पाहणाऱ्यांकडे, गेलो. त्यांनी वाक्य दोनदा वाचले. ‘उत्तर चांगलं आहे हो सर, पण सूचीत नाही,’ म्हणाले, आणि माझ्या शून्याशेजारी सही केली.

ते शून्य माझ्या हातचे आहे. या प्रकरणात माझा काय संबंध, असे कुणी विचारले तर एवढाच.

आता तक्रारी. पहिली त्या व्याख्येबद्दलच.

मराठीत आपण एकाच शब्दावर फार ओझे टाकले आहे. इंग्रजीत ‘इंडिपेन्डन्स’ आणि ‘फ्रीडम’ असे दोन शब्द आहेत, ‘लिबर्टी’ हा तिसराही आहे. आपल्याकडे तिन्ही ठिकाणी स्वातंत्र्य. देश परक्यांच्या राज्यातून सुटला तो स्वातंत्र्यदिन. मनातले बोलता येते ते भाषणस्वातंत्र्य. संविधानाच्या उद्देशिकेत विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे जे अभिवचन आहे, तेही स्वातंत्र्यच. न्यायाधीशावर सरकारचा दाब नसणे म्हणजे न्यायव्यवस्थेचे स्वातंत्र्य. यातला पहिला आणि शेवटचा अर्थ ‘कुणावर अवलंबून नाही’ असा आहे, मधले दोन ‘मला करता येते’ असे. न्यायाधीशाचे उदाहरण मी वर्गात नेहमी देतो. तो सरकारपासून अगदी स्वतंत्र असतो, पण निकाल मनाला येईल तसा द्यायला मोकळा मुळीच नसतो. कायद्याला बांधलेले राहता यावे यासाठीच त्याला सरकारपासून सोडवलेले असते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना हे समजते. त्यांना समजत नाही, असे फक्त मोठ्यांना वाटते.

एकच शब्द असणे हा दोष नाही. दोष आहे तो त्या शब्दाचा एकच अर्थ ‘अंतिम’ ठरवण्यात. आणि आपण जो अर्थ अंतिम ठरवला आहे, तो त्या शब्दाचा जुना अर्थही नव्हे. पाणिनीने कर्त्याची व्याख्या केली ती ‘स्वतन्त्रः कर्ता’ अशी. क्रियेत ज्याचे स्वतःचे चालते तो कर्ता. म्हणजे व्याकरणात हा शब्द आला तो करणाऱ्यासाठी, देशासाठी नव्हे. मनुस्मृतीत ‘न स्त्री स्वातन्त्र्यमर्हति’ असे म्हटले आहे. पिता, पती, पुत्र यांनी तिला राखावे आणि ती स्वातंत्र्याला पात्र नाही, असे ते वचन. ते संतापजनक आहे, पण शब्दाचा अर्थ काय होता हे त्याच्याइतके स्वच्छ दुसरीकडे सापडणार नाही. तिथे परकीय सत्ता कुठेच नाही. घर आहे, आणि घरात ‘नाही’ म्हणायला मनाई असलेली एक बाई आहे. त्या मुलीने परीक्षेत जे लिहिले ते या जुन्या अर्थाला धरून होते. तिला हे माहीत असण्याचे कारण नाही. आपल्याला मात्र माहीत असायला हवे होते.

(दुसरा शब्द शोधावा तर तीही पंचाईत. हिंदीत देशापुरते ‘स्वाधीनता’ म्हणतात. मराठीत चोराला आपण पोलिसांच्या स्वाधीन करतो. मुभा, सूट, मोकळीक हे सगळे शब्द दुसऱ्याने द्यायच्या गोष्टींचे आहेत. मुभा मिळते, सूट दिली जाते, आणि देणारा कुणी असला की काढून घेणाराही तोच असतो.)

दुसरी तक्रार मोठी आहे. आपल्या पुस्तकाने मुलांच्या मनात असा समज करून दिला आहे की देश सुटला की माणसे आपोआप सुटतात. त्यामुळे वेगळे काही शिकवण्याची गरजच उरत नाही. इतिहास तसे सांगत नाही. काही वेळा तर या दोन गोष्टी एकमेकींच्या समोर उभ्या ठाकल्या आहेत.

अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा ४ जुलै १७७६ चा. आपल्या पुस्तकात त्याला एक पूर्ण पान आहे. पण त्याच्या काही महिने आधी, नोव्हेंबर १७७५ मध्ये, व्हर्जिनियाचा ब्रिटिश गव्हर्नर लॉर्ड डन्मोर याने जाहीर केले होते की बंडखोर मालकांचे जे गुलाम राजाच्या बाजूने शस्त्र धरतील त्यांना मुक्त केले जाईल. त्याच्या पोटात दया वगैरे काही नव्हती. तो स्वतः गुलामांचा मालक होता, आणि राजाशी एकनिष्ठ असलेल्या मालकांच्या गुलामांना हे आमंत्रण नव्हतेच. तरीही हजारो माणसे पळून ब्रिटिशांकडे गेली. त्यांत हॅरी नावाचा एकजण होता. त्याच्या मालकाचे नाव जॉर्ज वॉशिंग्टन.

मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. मालक एका स्वातंत्र्यासाठी लढायला घराबाहेर पडला आणि त्याचा गुलाम दुसऱ्या स्वातंत्र्यासाठी त्याच्याच शत्रूकडे गेला. दोघांच्याही ओठांवर एकच शब्द होता म्हणा ना. युद्ध संपल्यावर १७८३ मध्ये ब्रिटिशांनी न्यूयॉर्क सोडले, तेव्हा अशा सुमारे ३,००० माणसांची नावे एका वहीत नोंदवून त्यांना जहाजांतून नोव्हा स्कोशियाला नेले. हॅरी वॉशिंग्टन त्यांत होता. तिथे थंडी, नापीक जमीन आणि पुन्हा तीच हेटाळणी. १७९२ मध्ये त्यांच्यातले जवळजवळ १,२०० जण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सिएरा लिओनला गेले आणि त्यांनी वसवलेल्या गावाचे नाव पडले फ्रीटाउन. हॅरीही गेला.

गोष्ट इथे संपली असती तर मी एवढी लांबवली नसती. फ्रीटाउनवर राज्य होते एका इंग्रज कंपनीचे. गुलामी नव्हती, पण जमिनीवर कंपनीचा सारा होता आणि कायदे कंपनी करत होती. वसाहतकरी म्हणू लागले की आमचे अधिकारी आम्ही निवडू, आमचे नियम आम्ही करू. १८०० मध्ये त्यांनी बंड केले, ते मोडून काढण्यात आले, आणि हद्दपार झालेल्यांमध्ये हॅरी वॉशिंग्टन होता. म्हणजे मोकळीक मिळालेला माणूस पुढे स्वराज्य मागायला उभा राहिला. आपली मोकळीक दुसऱ्याच्या मर्जीवर टांगलेली आहे हे त्याला दिसले असावे. इकडे अमेरिकेत गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती व्हायला डिसेंबर १८६५ उजाडला. जाहीरनाम्यानंतर ८९ वर्षांनी. आपल्या पुस्तकातल्या त्या पूर्ण पानावर या ८९ वर्षांना एक ओळही नाही.

याहून विचित्र उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे आहे. २६ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथल्या गोऱ्या सरकारने ट्रान्सकाय नावाच्या प्रदेशाला चक्क ‘स्वातंत्र्य’ देऊन टाकले. सगळा सोहळा रीतसर झाला. मेख अशी होती की खोसा भाषा बोलणारे काळे लोक त्या दिवसापासून ट्रान्सकायचे नागरिक ठरले आणि दक्षिण आफ्रिकेचे उरले नाहीत. ज्यांचा जन्म शहरात झाला होता, ज्यांनी ट्रान्सकाय कधी डोळ्यांनी पाहिलेही नव्हते, तेसुद्धा. आपल्याच घरात ते परदेशी झाले. मत मागायचे तर तिकडे जाऊन मागा. पुढे १९८१ पर्यंत बोफुथात्स्वाना, व्हेंडा आणि सिस्काय यांनाही असेच ‘स्वतंत्र’ करण्यात आले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ट्रान्सकायचे स्वातंत्र्य त्याच दिवशी पोकळ ठरवून नाकारले, आणि दक्षिण आफ्रिकेचे सरकार व हे प्रदेश स्वतः सोडले तर जगात कुणीच त्यांना देश मानले नाही. २७ एप्रिल १९९४ ला, सर्वांना मताचा हक्क असलेली पहिली निवडणूक सुरू होती तेव्हा, हे चारही ‘देश’ नकाशावरून गेले. त्या तारखेला तिथे फ्रीडम डे म्हणतात.

आता आपली व्याख्या ट्रान्सकायला लावून पाहा. ‘सत्तेच्या अंमलातून मुक्तता’ झाली की नाही? कागदोपत्री झाली. एक गुण.

बाकीची उदाहरणे झटकन सांगतो. बर्म्युडाच्या मतदारांनी १९९५ च्या सार्वमतात ब्रिटनपासून वेगळे होण्यास जवळपास तीन-चतुर्थांश मतांनी नकार दिला. ती माणसे देशाच्या अर्थाने स्वतंत्र नाहीत, पण त्यांना कुणी गुलाम म्हणणार नाही. उलट स्वित्झर्लंड शतकानुशतके स्वतंत्र देश. तिथल्या बायकांना राष्ट्रीय निवडणुकीत मत मिळाले ते १९७१ मध्ये. हैतीच्या गुलामांनी बंड करून १८०४ मध्ये देश आणि स्वतःची सुटका दोन्ही एकदम मिळवले; १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून जुन्या मालकांच्या ‘नुकसानी’पोटी १५ कोटी फ्रँक मागितले, आणि पुढच्याच वर्षी हैतीच्याच सरकारने शेतमजुरांना मळ्याशी बांधणारा कायदा केला. आणि आपल्याकडे २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७ या काळात कुठल्या परकीय सत्तेने आक्रमण केले होते? सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी २८ एप्रिल १९७६ रोजी सांगितले की आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी न्यायालयाचे दार वाजवता येणार नाही. हंसराज खन्ना एकटे विरोधात गेले. देशाचे स्वातंत्र्य त्या दिवशी जिथल्या तिथे होते.

तिसरी तक्रार आपल्या घरातली आहे आणि तिचेच मला जास्त वाईट वाटते.

आपल्या पुस्तकात ‘आधी राजकीय की आधी सामाजिक?’ असा एक तक्ता आहे. डावीकडे टिळक, उजवीकडे आगरकर, प्रत्येकी चार मुद्दे. मुले ते पाठ करतात आणि विसरतात. हा वाद म्हणजे या पत्राचाच विषय आहे, हे तक्त्यावरून कुणाला कळावे?

रखमाबाईंचे प्रकरण घ्या. अकराव्या वर्षी लग्न झाले, मोठे झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. नवऱ्याने १८८४ मध्ये मुंबईच्या न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला, अपिलानंतर फिरला, आणि १८८७ मध्ये हुकूम झाला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तिने तुरुंग चालेल असे सांगितले. दरम्यान ‘एक हिंदू स्त्री’ अशा टोपणनावाने तिने वर्तमानपत्रात पत्रे लिहिली होती. खुले पत्र लिहिताना मला त्या पत्रांची आठवण येणे साहजिक आहे. पुढे तडजोड झाली, ती विलायतेला जाऊन डॉक्टर झाली.

यातली गंमत, गंमत म्हणवत नाही खरे तर, अशी की बायकोने नांदायला आलेच पाहिजे असा न्यायालयीन दावा मुळात इंग्लंडच्या धर्मन्यायालयांच्या कायद्यातून आलेला होता. तिच्याविरुद्ध वापरलेले हत्यार परक्यांचे होते. आणि परक्यांनी आमच्या घरात ढवळाढवळ करू नये असे म्हणणारी मंडळी, त्यांत टिळकही, या हत्याराच्या बाजूला उभी राहिली. देशाच्या बाजूने पाहणाऱ्याला त्या घरातली बाई दिसेनाशी होते, ती अशी.

मग १८९१ चे संमतिवयाचे विधेयक. मुलीचे संमतिवय १० वरून १२ वर नेणारे. टिळकांचे म्हणणे, सुधारणा आमच्या समाजाने आतून करावी, परक्या सरकारच्या कायद्याने नको. आगरकरांचे म्हणणे, कायदा परक्यांनी केला तरी चालेल, मुलगी वाचली पाहिजे. टिळकांचा मुद्दा हलका नाही. परक्याच्या हातून घेतलेला न्यायसुद्धा परक्याची पकड घट्ट करतो, हे त्यांना दिसत होते. पण दहा वर्षांच्या मुलीच्या जागी उभे राहून पाहिले तर माझे मत आगरकरांकडे जाते, आणि वर्गातल्या मुलींचेही तिकडेच जाते. मुलांमध्ये मात्र दरवर्षी फूट पडते. तो तास संपल्याची घंटा मला कधीच ऐकू येत नाही. आपण त्याचा तक्ता केलात.

यावर आपल्यापैकी कुणी म्हणेल, आणि एका सदस्यांनी मला फोनवर म्हटलेही, की ‘अहो, तुम्ही देशाचे स्वातंत्र्य कमी लेखता.’ नाही हो. ते किती लागते ते हॅरीच्या गोष्टीत वर लिहिलेच आहे. आपल्याकडचेही सांगतो. हंगामी गव्हर्नर-जनरल चार्ल्स मेटकाफने १८३५ मध्ये हिंदुस्थानातल्या वृत्तपत्रांवरचे निर्बंध उठवले. १८७८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवर कायदा करून ते पुन्हा लादले. त्याच्यामागून आलेल्या रिपनने तो कायदा काढला. एकाने दिले, दुसऱ्याने नेले, तिसऱ्याने परत केले. संपादक तेच, छापखाने तेच. आपली लेखणी चालणार की नाही हे जहाजातून कोण उतरतो त्यावर ठरत असेल तर ती लेखणी मोकळी असली तरी स्वतंत्र नव्हे. म्हणूनच देश सुटावा लागतो. पण देश सुटल्यावर लेखणी कुणाच्या मर्जीवर चालते, हा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारावा लागतो, आणि तो विचारायला शिकवणे हे नागरिकशास्त्राचे काम आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी हेच बजावले होते की २६ जानेवारी १९५० पासून आपण एका विसंगतीच्या जीवनात पाऊल टाकणार आहोत, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता. देश तेव्हा स्वतंत्र होऊन दोन वर्षे उलटली होती.

मी मुलांना सांगतो, एका स्वातंत्र्याला तारीख असते. ती पाठ करता येते, तिच्यावर एका गुणाचा प्रश्न काढता येतो. दुसऱ्याला तारीख नसते. ते काल होते म्हणून आज असेलच असे नाही. आपल्या उत्तरसूचीला फक्त तारीख असलेले कळते.

चौथी तक्रार आपल्या ताज्या निर्णयाची. आतापर्यंत पुस्तकात दोन धडे होते, एक देशाच्या स्वातंत्र्याचा आणि एक नागरिकाच्या स्वातंत्र्याचा. नव्या आवृत्तीत ‘भार कमी करण्यासाठी’ दोन्हींचा एक धडा झाला. जोडताना गेले काय? पहिल्यातले काही नाही. दुसऱ्यातले उतारे गेले, चर्चेचे प्रश्न गेले, आणि हक्कांची एक यादी चौकटीत उरली. चौकटीतले कुणी वाचत नाही, हे पुस्तक लिहिणाऱ्यांना माहीत नसावे हे मला पटत नाही.

त्या दुसऱ्या धड्यात एड रॉबर्ट्स यांच्यावर एक परिच्छेद होता. तो गेल्याचे मला सर्वांत जास्त लागले. पोलिओमुळे या माणसाला मानेखाली जवळजवळ काहीच हलवता येत नव्हते. झोपायला लोखंडी श्वसनयंत्र लागायचे. १९६२ मध्ये तो कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात शिकायला गेला, आणि १९७२ मध्ये तिथे सोबत्यांबरोबर अपंगांच्या स्वतंत्र जगण्यासाठीचे केंद्र उभे केले. कपडे घालायला, जेवायला, कूस बदलायला त्याला माणूस लागायचा. पण कोणता माणूस ठेवायचा, किती वाजता उठायचे, कुठे जायचे हे तो ठरवायचा. तो स्वतंत्र होता का? या प्रश्नावर माझा एक तास हमखास रंगायचा. एक मुलगा म्हणाला होता, ‘सर, माझ्या आजोबांना काहीच लागत नाही, सगळं स्वतः करतात, पण घरात त्यांना कुणी काही विचारत नाही.’ या वाक्याला आपल्या सूचीत किती गुण?

अवलंबून असणारी माणसे मोकळी असू शकतात आणि कुणावरही अवलंबून नसलेली बांधलेली. महिन्याला पगार मिळवून तो न मोजता घरी देणारी आणि स्वतःसाठी काही घ्यायला परवानगी मागणारी बाई पुस्तकाच्या हिशेबात स्वावलंबी आहे. ती बाई कुणाची तरी आई असते आणि ते मूल माझ्या वर्गात बसलेले असते. त्याला मी ‘परकीय सत्ता’ लिहायला शिकवतो.

आता मागण्या. त्या साध्या आहेत आणि एकीलाही पैसा लागत नाही.

व्याख्या बदला. एकच वाक्य हवे असेल तरी त्यात कुणाचे स्वातंत्र्य हे विचारले जाऊ दे, देशाचे की माणसाचे. दोन्हींना दोन वेगळी वाक्ये द्या. नवा शब्द घडवू नका, आहे त्याचीच दोन टोके दाखवा.

दोन धडे पुन्हा वेगळे करा. भार कमी करायचा असेल तर तहांच्या तारखा कमी करा, कुणाचे काही बिघडणार नाही. टिळक-आगरकरांचा तक्ता काढून त्या जागी संमतिवयाच्या विधेयकाची हकिकत सलग लिहा, दोघांचीही बाजू धड मांडून.

‘अन्य उत्तरास गुण देऊ नयेत’ ही सूचना संकल्पनांच्या प्रश्नांवरून काढा. सनावळीच्या प्रश्नांना ती खुशाल ठेवा. संकल्पनेच्या उत्तरात परीक्षक आणि नियामक दोघांना पटले आणि दोघांनी तसे लिहून सह्या केल्या तर गुण देण्याची सोय करा. आमच्यावर एका गुणापुरता विश्वास टाकायला हरकत नसावी.

गेल्या परीक्षेतल्या त्या प्रश्नाची सरसकट फेरतपासणी करा. मुलांनी अर्ज करण्याची वाट पाहू नका. एका गुणासाठी गुणपडताळणीचा अर्ज कोण करतो? त्या मुलीसारखी उत्तरे आणखी किती होती ते मला माहीत नाही. माझ्या गठ्ठ्यात एकच होते. दुसऱ्यांच्या गठ्ठ्यांतही असतीलच, आणि तिथेही कुणीतरी पाणी पिऊन येऊन शून्य घातले असेल.

आणि या पत्राचे उत्तर जाहीर द्या. मी चुकलो असेन तर चूक कुठे ते चारचौघांत सांगा, मी वर्गात वाचून दाखवीन. ‘विषय बंद करण्यात येत आहे’ हे वाक्य मात्र पुन्हा नको.

यंदाच्या तपासणीची माझी नेमणूक परवा आली. सूची तीच असेल तर हे काम मी करणार नाही, असे मी लेखी कळवले आहे. असे नाही म्हणता येते की नाही याबद्दल शिक्षक-खोलीत दोन मते आहेत. मुख्याध्यापकांनी अजून मला बोलावलेले नाही.

आपला,
एक परीक्षक